बाळाचं पहिलं घरगुती अन्न: कधी, काय, किती आणि किती घट्ट?

बाळाचं उष्टावण होतं, फोटो निघतात, पाहुणे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी खरा प्रश्न उभा राहतो: आता याला रोज द्यायचं काय? आजी म्हणते, वरणाचं पाणी. शेजारची काकू म्हणते, नाचणीचं सत्व. अंगणवाडीतून पाकीट येतं, पण त्यावरची सूचना बेळगावात कन्नडमध्ये, हैदराबादेत तेलुगूत, बडोद्यात गुजरातीत. औषधाच्या दुकानात रंगीत डबेही मांडलेले असतात.

बाळासाठी लागणारं बहुतेक सगळं आपल्याच स्वयंपाकघरात असतं. तांदूळ, मूगडाळ, नाचणी, गहू, भोपळा, केळं, अंडं, तूप यांतून पहिल्या वर्षाचं चांगलं अन्न तयार होतं. चूक होते ती बहुतेक वेळा पदार्थ निवडण्यात नाही, तर पाण्यात. बाळाला पचावं म्हणून अन्न इतकं पातळ केलं जातं की पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. म्हणून काय द्यायचं याबरोबरच किती घट्ट द्यायचं, हेही नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात कधी करावी?

पहिले सहा महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, मध नको, गुटीही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि जीवनसत्त्वांचे थेंब मात्र द्यायचे. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला हाच आहे आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात.

सहा महिन्यांनंतर नुसतं दूध का पुरत नाही, याची दोन कारणं आहेत. पहिलं कारण ऊर्जेचं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या सुमारे ४०० आईच्या दुधातून मिळतात आणि २०० अन्नातून याव्या लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत अन्नातून सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. दुसरं कारण लोहाचं. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत आलेला असतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं.

बाळही तयारीची खूण देतं. मान धरतं, आधाराने बसतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून बघतं. चमचा तोंडाला लावला की जीभ तो बाहेर ढकलत नाही. उष्टावणाचा मुहूर्त आठव्या-नवव्या महिन्यात निघत असेल, तर विधी तेव्हा करावा, पण जेवण सहा महिने पूर्ण होताच सुरू करावं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल किंवा वजन फार कमी असेल, तर सुरुवातीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

पातळ अन्नाचा हिशेब

बाळाचं पोट लहान असतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर मावतं. तेवढ्या जागेत काय भरलं, यावर सगळं अवलंबून आहे.

वाटीभर पाण्यात एक छोटा चमचा पीठ घालून पातळ पेज केली, तर त्यात जेमतेम १५ किलोकॅलरी असतात. त्याच वाटीत दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पीठ शिजवलं आणि वरून एक छोटा चमचा तूप घातलं, तर १३० च्या आसपास होतात. वाटी तीच, बाळ तेच, पण फरक आठपटींचा. वरणाच्या वरच्या पाण्याचं तसंच. डाळ खाली बसते आणि बाळाच्या वाट्याला पिवळं पाणी येतं.

घट्टपणाची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला तर अन्न लगेच ओघळून पडता कामा नये, चमच्यावर टिकून राहिलं पाहिजे. बाटलीच्या बुचातून जाईल इतकं पातळ अन्न बाळाच्या कामाचं नाही. बाटली तशीही नकोच. ती नीट स्वच्छ होत नाही आणि त्यातून जुलाब लागतात. वाटी आणि चमचा हेच बरं.

"घट्ट दिलं तर घशात अडकेल" ही भीती घराघरांत असते. सहा महिन्यांचं बाळ मऊसूत, गुठळी नसलेलं घट्ट अन्न व्यवस्थित गिळतं. बाळ बसलेलं असावं, आडवं नसावं, एवढी काळजी घ्यायची.

किती वेळा, किती?

• ६ ते ८ महिने: दिवसातून २ ते ३ वेळा. सुरुवात दोन-तीन चमच्यांपासून, हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी. अन्न मऊ, घोटलेलं, पण घट्ट.

• ९ ते ११ महिने: ३ ते ४ वेळा, प्रत्येक वेळी अर्धी वाटी. भूक दिसली तर मध्ये एखादं खाणं. अन्न बारीक कुस्करलेलं, थोडं रवाळ. हातात धरून खाता येतील असे मऊ तुकडे.

• १२ ते २३ महिने: ३ ते ४ वेळा, प्रत्येक वेळी पाऊण ते एक वाटी, शिवाय १ ते २ वेळा मधलं खाणं. घरातलं नेहमीचं जेवण, तिखट बाजूला काढून.

घरातली आमटीची वाटी बहुधा २५० मिलिलिटरपेक्षा लहान असते. औषधाच्या मापाच्या झाकणाने पाणी घालून आपली वाटी एकदा मोजून ठेवावी, म्हणजे रोजचा अंदाज चुकत नाही.

बाळाला पाणी सहा महिन्यांनंतर, जेवणाबरोबर, उकळून गार केलेलं, घोटघोटभर. पाण्याने पोट भरून जेवण मागे पडू देऊ नये.

घरच्या घरी: पाच मूळ पदार्थ

१. खिमट. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ वेगवेगळी धुवून सावलीत फडक्यावर वाळवावी. मंद आंचेवर हलकी भाजून मिक्सरमध्ये बारीक रव्यासारखी दळावी. गार करून कोरड्या डब्यात भरावी. एकावेळी दोन-तीन आठवड्यांपुरतंच करावं. करताना दोन मोठे चमचे रवा साधारण एक वाटी पाण्यात कालवून, सतत हलवत, मऊ होईपर्यंत शिजवावा. पाणी तांदळाप्रमाणे कमी-जास्त लागतं. चिमूटभर हळद आणि जिऱ्याची पूड चालते. उतरल्यावर एक छोटा चमचा तूप. रवा करायला वेळ नसेल, तर त्याच प्रमाणात डाळ-तांदूळ कुकरला मऊ शिजवून चमच्याने घोटावेत. गुरगुट्या भात म्हणतात तो हाच, फक्त डाळ विसरायची नाही.

२. नाचणी. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आले की वाळवावी, हलकी भाजून दळावी. वाटून, गाळून काढलेलं सत्व पहिल्या काही दिवसांसाठी ठीक. पण गाळताना साल जाते आणि सालीबरोबर चुना आणि लोहाचा बराच भाग जातो. १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून बाळ रुळलं की मोडाचं अख्खं पीठ वापरावं. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मंद आंचेवर सहा-सात मिनिटं शिजवून तूप घालावं. नाचणीच्या जोडीला त्या दिवशी डाळ, दही किंवा अंडं कुठेतरी यायला हवं.

३. भाजी घोटून. लाल भोपळा, गाजर, रताळं, दुधी, पालक, माठ. वाफवून चमच्याने किंवा रवीने घोटावी आणि खिमटात मिसळावी. उकडल्याचं पाणी फेकू नये, त्याच पाण्यात खिमट शिजवावं.

४. फळं. पिकलेलं केळं, पपई, चिकू, आंबा कुस्करून. सफरचंद कच्चं किसून देण्यापेक्षा वाफवून. रस काढून देऊ नये. रसात चोथा जातो आणि गोडी राहते.

५. अंडं, मासा, मांस. खाणाऱ्या घरांत यासाठी वर्ष थांबण्याचं कारण नाही. पूर्ण उकडलेलं अंडं आधी थोडं, मग वाढवत, पांढऱ्यासकट. काटे बारकाईने काढलेला शिजवलेला मासा, मऊ शिजवून बारीक केलेलं चिकन किंवा कलेजी. गोव्यात आणि किनाऱ्यावर मासा रोज घरात येतो. बाळाचा तुकडा तिखट घालण्याआधी वेगळा काढला, की झालं.

बडोदा आणि हैदराबादेने दिलेल्या दोन युक्त्या

घट्ट शिजवलं की काही बाळं तोंड फिरवतात आणि पातळ केलं की कस जातो. ही अडचण मोड आणून सुटते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. धान्याला मोड येताना अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. घट्ट लापशीत मोडाच्या गव्हाचं थोडंसं पीठ मिसळलं की ती पाणी न घालता सैल होते. कस तोच राहतो, गिळणं सोपं होतं.

घरी करायचं तर गव्हाला दोन-तीन दिवस मोड आणून, वाळवून, अगदी हलकं भाजून दळावं आणि हे पीठ वेगळ्या लहान डब्यात ठेवावं. जोरात भाजलं तर विकर मरतं. घट्ट लापशी शिजवून गॅसवरून उतरवावी, थोडी निवू द्यावी, एक छोटा चमचा हे पीठ मिसळून पाच मिनिटं थांबावं. लापशी सैल झालेली दिसते. मग पुन्हा एक उकळी द्यावी, कारण कच्चं पीठ बाळाला देऊ नये. बुरशीचा वास आलेले मोड टाकूनच द्यावेत.

दुसरी युक्ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची. कुपोषित मुलांसाठी तिथे एक मिश्रण तयार झालं, ते 'हैदराबाद मिक्स' म्हणून ओळखलं जातं. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. या ८६ ग्रॅममधून ३३० किलोकॅलरी आणि ११.३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आपल्या सातूच्या पिठाचीच ही बहीण. फरक दाण्यांचा आणि गुळाचा.

घरच्या निरोगी बाळासाठी गूळ वगळून हेच प्रमाण वापरता येतं: गहू २०० ग्रॅम, डाळं ८० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम. सगळं वेगवेगळं भाजून, दाण्यांची सालं काढून एकत्र बारीक दळावं आणि दोन मोठे चमचे पीठ पाण्यात लापशीसारखं शिजवावं. शेंगदाणे निवडून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे बुरशीचे असू शकतात. गहू किंवा दाणे बाळाला पहिल्यांदाच देत असाल, तर मिश्रणाआधी एकेक पदार्थ थोडा देऊन बघावा. गुळाचं मूळ मिश्रण वाळलेल्या, अशक्त बाळांसाठी, आणि ते आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली.

लोहाची गोष्ट वेगळी सांगायला हवी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ६८.९, कर्नाटकात ६५.५, गोव्यात ५३.२, मध्य प्रदेशात ७२.७, तेलंगणात ७० आणि गुजरातमध्ये ७९.७ टक्के. त्याच सर्वेक्षणात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात सुमारे ११ टक्केच निघाली. सीमेच्या या बाजूला असो की त्या बाजूला, प्रश्न एकच आहे.

भात, दूध, केळं आणि बिस्किट यांवर वाढलेलं बाळ गुटगुटीत दिसू शकतं, पण रक्त कमी असतं. म्हणून रोजच्या जेवणात लोहाचा एक पदार्थ ठरवून हवा. मांसाहारी घरात अंडं, मासा, चिकन, कलेजी. शाकाहारी घरात मसूर, मटकी, मूग, राजगिरा, पालेभाजी. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची साथ लागते, म्हणून डाळ-भाजीवर लिंबाचे चार थेंब पिळावेत किंवा जेवणाबरोबर पेरू-संत्र्यासारखं फळ मऊ करून द्यावं. चहा लोह अडवतो, तो बाळाला एक चमचाही नको.

सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिडचं औषध आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर दिलं जातं. आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडे ते मागावं. औषधाने शी काळपट होते, त्यात घाबरण्यासारखं नाही.

ताट पूर्ण झालं का? आठांपैकी पाच

दिवसभरात पुढच्या आठ गटांपैकी किमान पाच बाळाच्या पोटात जायला हवेत: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी, दाणे, तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळं-भाज्या आणि पालेभाज्या, इतर फळं-भाज्या.

सात महिन्यांच्या बाळाचा साधा दिवस असा: सकाळी नाचणी, तूप आणि कुस्करलेलं केळं, दुपारी मूगडाळीचं खिमट, भोपळा, तूप, लिंबू, संध्याकाळी दोन-तीन चमचे घरचं दही किंवा अर्धं उकडलेलं अंडं. मध्ये हवं तेव्हा आईचं दूध. यात दही किंवा अंड्यासह पाच गट सहज होतात आणि काहीही विकत आणलेलं नसतं.

नवा पदार्थ एकेक सुरू करावा, दोन-तीन दिवस बघावं, मग दुसरा. अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, लगेच उलट्या झाल्या तर तो पदार्थ थांबवावा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठावा.

काय देऊ नये?

मध: एक वर्षापर्यंत चाटणसुद्धा नको. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात. उकळूनही ते मरत नाहीत.

मीठ आणि साखर: वर्षापर्यंत वरून घालू नये, गूळही नको. आपल्याला अळणी लागतं ते बाळाला अळणी लागत नाही, कारण त्याने दुसरी चव घेतलेलीच नसते. भाजी-आमटीतून बाळाचा वाटा मीठ-तिखटाआधी काढून घ्यावा.

गाईचं-म्हशीचं दूध पिण्यासाठी: वर्ष होईपर्यंत मुख्य दूध म्हणून नको. त्यात लोह फार कमी असतं. खिमटात थोडं घातलं किंवा दही दिलं तर चालतं. आईचं दूध मिळत नसेल, तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

अख्खे दाणे, फुटाणे, चणे, द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे: श्वासनलिकेत अडकतात. पाच वर्षांपर्यंत जपावं.

चहा-बिस्किट, नुसती साबुदाण्याची खीर, पाकिटातली कुरकुरीत खाणी: पोट भरतं, कस नाही.

बाजारातल्या डब्यांबद्दल एवढंच: १९९२ च्या कायद्यानुसार दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची आणि दुधाच्या पर्यायांची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे. घरच्या अन्नाहून डबा श्रेष्ठ, असं कुणी सांगत असेल तर ते ऐकून सोडून द्यावं.

स्वच्छता आणि साठवण

या वयातले जुलाब बहुधा हातांतून आणि शिळ्या अन्नातून येतात. अन्न करण्याआधी, भरवण्याआधी आणि बाळाची शी धुतल्यानंतर साबणाने हात धुवावेत. बाळाचेही हात धुवावेत. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याच दिवशी, पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करून द्यावं. बाळाच्या उष्ट्या वाटीतलं पुन्हा देऊ नये.

जुलाब लागले तर जेवण बंद करू नये. आईचं दूध जास्त वेळा, जलसंजीवनी, आणि सहा महिन्यांवरील बाळाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. आजार गेल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शीतून रक्त पडलं तर दवाखान्यात न्यावं.

भरवायचं कसं?

बाळाला समोर बसवून, बोलत, डोळ्यांत बघत. नाक दाबून, हात धरून, मोबाइल दाखवून नको. नवी चव पहिल्यांदा थुंकून टाकली म्हणजे आवडली नाही असं नसतं. आठ-दहा वेळा थोडी थोडी दिली की बहुतेक बाळं ती घेतात. तोंड फिरवलं, ओठ मिटले, म्हणजे पोट भरलं. तिथे थांबावं.

सगळं कायम मिक्सरमधूनच काढू नये. आठ-नऊ महिन्यांत रवाळ, गुठळीचं अन्न आलं नाही, तर पुढे मूल चावायचाच कंटाळा करतं. दात नसले तरी हिरड्या काम करतात.

नावं वेगळी, अन्न तेच

राज्य बदललं की शब्द बदलतात आणि सल्ला परका वाटू लागतो. बेळगावात अंगणवाडीताई 'रागी सरी' म्हणते ती नाचणीचीच लापशी. गोव्यात नाचणीचं 'तिजण' असतं, पण ते गूळ घालून करतात. बाळासाठी गूळ वगळायचा. हैदराबादेत 'उग्गू' म्हणतात ते डाळ-तांदळाचं खिमट. बडोद्यात 'राब' म्हणजे पिठाची पातळ लापशी. बाळाला देताना ती घट्ट करायची आणि गूळ टाळायचा. इंदूर-ग्वाल्हेरला 'दलिया' म्हणजे गव्हाचा भरडा. मूगडाळीबरोबर मऊ शिजवला तर उत्तम.

अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहारही राज्यागणिक वेगळा: तेलंगणात 'बालामृतम', गुजरातमध्ये 'बालशक्ती', कर्नाटकात 'पुष्टी'. तो बाळाच्या हक्काचा आहे आणि घरची भाषा कोणती यावर तो अवलंबून नाही. पाकिटात साखर असेल तर वरून गोड घालू नये, आणि ते बाळालाच द्यावं, सगळ्या घरात वाटून संपवू नये.

माता-बाल संरक्षण कार्ड राज्याच्या भाषेत असलं तरी वाढीचा आलेख सगळीकडे सारखाच असतो. वजनाचा ठिपका दर महिन्याला पुढे आणि वर जायला हवा. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर भाषा न येताही ते दिसतं. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येते. त्या भेटीत कार्ड समोर ठेवून "रेघ बरोबर आहे का?" एवढं विचारावं.

आजी-आजोबांसाठी एक ओळ

मऊ भात, तूप, मूगडाळ, नाचणी, भोपळा या सगळ्या गोष्टी त्यांनीच शिकवलेल्या आहेत आणि त्या बरोबरच आहेत. बदल फक्त एवढाच: वरणाचं पाणी नको, वरण द्या. पेज नको, मऊ भात द्या. चमचा तिरका केला तरी जे पडत नाही, ते बाळाला द्या.